३५ हजार फुटांवर चटणी-चपाती

लंडनला धाकट्या भावाकडे निघाले होते. कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई आणि पुढे साडेनऊ-दहा तासांचं विमान. आदल्या दिवशी राजारामपुरीत मावशीकडे गेले तेव्हा हातातल्या बॅगेत चटणीची बरणी टाकणार होते. मावशी म्हणाली, "बरणी काढून घेत्यात विमानतळावर. मिरचीची पूड वर नेऊ देत न्हाईत. चपातीलाच लावून देते की."

ही चटणी म्हणजे आमची वर्षाची कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात बेडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवायची, कांदा तेलात लालभडक तळायचा, खोबरं, तीळ, धणे भाजायचे आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. मावशीनं ती तेलात कालवली, चार चपात्यांना कडेपर्यंत लावली, घट्ट गुंडाळ्या केल्या आणि जुन्या सुती कापडात बांधून दिल्या.

विमानात मी शाकाहारी जेवण आधीच सांगून ठेवलं होतं. असं वेगळं जेवण बहुतेक कंपन्यांना २४ तास आधी कळवावं लागतं, आणि ते इतरांच्या आधी येतं. चटका बसेल इतका गरम फॉइलचा डबा, त्यात जिरा राईस, पनीर, डाळ. बाजूला पाव, लोण्याची वडी, काकडीच्या चार फोडी. पहिला घास घेतला आणि वाटलं, डाळीत मीठच नाही. मिठाची पुडी फोडून टाकली, तरी तेच.

दोष स्वयंपाक्याचा नव्हता. जेवण जमिनीवरच शिजवून झटपट थंड करतात आणि वर फक्त ओव्हनमध्ये तापवतात, हा एक भाग. पण खरा फरक आपल्या जिभेत पडतो. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे पन्हाळ्याहून कितीतरी जास्त उंचीवर बसून आपण जेवतो. हवा इतकी कोरडी की नाक सुकतं, वास लागत नाही, आणि चवीचा मोठा वाटा तर वासाचाच. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं जमिनीवरच विमानाच्या सांगाड्यात दाब कमी करून लोकांना जेवू घातलं. तेव्हा मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवली.

मी गाठोडं सोडलं. चटणीचं तेल चपातीत मुरून कडा तांबूस झाल्या होत्या. एक घास डाळीत बुडवून खाल्ला आणि कान गरम झाले. तिखट ही मुळात चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या वेदना आणि उष्णता जाणवणाऱ्या नसा चेतवतं, म्हणून सुकलेल्या नाकालाही ते चुकवता येत नाही. मग त्याच डाळीला चव आली, भातालाही आली. कंपनीचा पाव तोवर कडक झाला होता.

दोन गुंडाळ्या तेव्हा संपवल्या, तिसरी उतरायच्या आधीच्या नाश्त्याबरोबर. चौथी भावानं हीथ्रोच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून, एक शब्द न बोलता खाल्ली.

रात्री मावशीचा फोन आला. पोचलीस का, थंडी किती, हे नंतर. पहिला प्रश्न, "चपाती मऊ ऱ्हायली का गं?"

"राहिली मावशी. शेवटपर्यंत."