ताजी शेवंड घरी शिजवताना: उकड, वाफ, निखारे आणि लोणी

गेल्या हंगामात मी उकडण्यापाशीच थांबले होते. या हंगामात वाफ, निखारे आणि लोणी हे तिन्ही प्रकार मन लावून केले आणि माझं मत पुष्कळ बदललं. आता एकाच शेवंडीची शेपटी, नांग्या आणि कवच मी वेगवेगळ्या रीतीने शिजवते.

पकडल्यापासून चुलीपर्यंतचा वेळ जपला नाही, तर पुढची कुठलीच पद्धत कामाला येत नाही. शेवंड मेली की तिच्या पाचक ग्रंथीतली द्रव्यं मांसात उतरतात आणि घट्ट मांस भुसभुशीत होतं. त्यामुळे ती जिवंतच घरी यायला हवी. ओल्या गोणपाटात किंवा समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून थंड ठेवली तर ती तग धरते. गोड्या पाण्यात मात्र चुकूनही ठेवू नका, ती मरते. उचलल्यावर शेपटी झटक्याने पोटाखाली वळली तर चिंता नाही. सैल लोंबत असेल, तर ती मी शिजवत नाही.

पोटाखाली अंडी असलेली मादी पाण्यातच सोडायची. बऱ्याच देशांत तसा कायदा आहे, आणि नसला तरी मी सोडेन. लांबी मोजताना डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजायची, शेपटी धरायची नाही. नुकतीच कात टाकलेली असेल तर कवच बोटाने दबतं. अशीत मांस कमी आणि पाणी जास्त, म्हणून तीही सोडलेली बरी.

आता मारण्याबद्दल. जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकायची सवय मी सोडली आहे. स्वित्झर्लंडने 2018 मध्ये त्यावर बंदी आणली, आणि ब्रिटनच्या 2022 च्या प्राणी संवेदना कायद्यात खेकडे-शेवंडी संवेदनशील प्राण्यांमध्ये धरल्या आहेत. मी आधी तिला समुद्राचं पाणी आणि बर्फ यांच्या मिश्रणात ठेवते. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. थंड समुद्रातल्या, मोठ्या नांग्यांच्या जातीला थंडीची सवय असते, तिला वेळ जास्त लागतो. मग जड सुरीचं टोक डोक्यामागच्या खाचेवर टेकवून एका दमात खाली दाबायचं आणि पातं डोळ्यांच्या मधून पुढे आणायचं. इथे थांबू नका. शेवंडीच्या मज्जातंतूंच्या गाठी पोटाच्या बाजूने शेपटीपर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे लगेच सुरी फिरवून उरलेलं अंगही उभं चिरायचं. अख्खी शिजवायची असेल तरी पोटाकडून ही रेघ पूर्ण मारून घ्यायची.

शेपटीतला काळा धागा काढायची एक युक्ती मला फार आवडते. काटेरी जातीला नांग्या नसतात, पण मिशा लांब आणि खरखरीत असतात. शेपटी अख्खी ठेवायची असेल, तर मिशीचा हातभर तुकडा मोडायचा, जाड टोक शेपटीच्या शेवटच्या छिद्रात घालायचं, थोडं आत सरकवून पिळायचं आणि सावकाश ओढायचं. मिशीवरचे बारीक काटे आतड्याला धरतात आणि सगळा धागा एकसंध बाहेर येतो. सुरी लागत नाही, मांस फाटत नाही.

उकडण्याबद्दल थोडक्यात. पाणी समुद्राइतकं खारट हवं, म्हणजे लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. पातेलं मोठं घ्या, म्हणजे शेवंड पडल्यावर उकळी लवकर परत येते. अर्ध्या किलोच्या शेवंडीला उकळी परत आल्यापासून 8 ते 10 मिनिटं. बाहेर काढताना उलटी धरून पाणी निथळू द्या. सोपी पद्धत आहे, पण चवीतला बराच भाग पाण्यात उतरतो, हे मला आता सहन होत नाही.

वाफेवर मांसाची चव मांसातच राहते. तळाशी दोन बोटं खारट पाणी, वर जाळी, घट्ट झाकण. अर्ध्या किलोला 10 ते 12 मिनिटं. मधे झाकण उघडायचं नाही. वाफ पाण्यापेक्षा सौम्य शिजवते, त्यामुळे एक मिनिट इकडेतिकडे झालं तरी शेपटी रबरासारखी होत नाही. नुकतीच पकडलेली शेवंड पहिल्यांदा घरी शिजवणाऱ्याला मी हीच पद्धत सांगेन. आणि बरोबर वितळवलेल्या लोण्यापलीकडे काही देऊ नका, निदान पहिल्या वेळी तरी.

रंगावरून शिजल्याचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कवचातला तांबडा रंग आधीपासूनच तिथे असतो. ॲस्टॅझँथिन नावाचं ते रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे जिवंतपणी निळसर-काळं किंवा हिरवट दिसतं. उष्णतेने प्रथिन उलगडलं की तांबडेपणा मोकळा होतो, आणि हे मांस शिजण्याच्या बरंच आधी घडतं. म्हणून कवच लालभडक झालं तरी आत कच्चं असू शकतं. मी शेपटीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून 60 अंश सेल्सिअसला बाहेर काढते, आतली उष्णता त्याला आणखी दोन-तीन अंश वर नेते. थर्मामीटर नसेल तर मांस बघा: काचेसारखं पारदर्शक असेल तर कच्चं, सगळीकडे दुधाळ पांढरं झालं की तयार. वर पांढरा साका दिसला तर घाबरू नका, ते गोठलेलं रक्त आहे.

निखाऱ्यांसाठी मला काटेरी जात जास्त आवडते, कारण तिचं जवळजवळ सगळं मांस शेपटीतच असतं. उभी दोन भागांत चिरून डोक्यातली वाळूची पिशवी आणि कल्ले काढून टाकायचे. मांसाला तेल चोळायचं, जाळीला नाही. आधी मांसाची बाजू खाली, फक्त रंग येईपर्यंत. मग उलटून कवचावर ठेवायची आणि उरलेला सगळा वेळ तशीच शिजू द्यायची. कवच वाटीसारखं सगळा रस धरून ठेवतं, आणि लोणी-लसूण त्यातच घालता येतं. ज्वाळा नकोत, राख धरलेले निखारे हवेत. नांग्यांच्या जातीत मात्र नांग्या आधी वेगळ्या करून पाच-सहा मिनिटं उकळून घ्याव्या लागतात, कारण त्यांचं कवच जाड असतं आणि शेपटी झाली तरी त्या कच्च्या राहतात.

लोण्यातल्या शेपटीवर मी या हंगामात सर्वात जास्त मेहनत घेतली. शेपटी वेगळी करून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे मांस कवचापासून सुटतं आणि आत कच्चंच राहतं. कात्रीने पोटाकडची पातळ पडदी कापून ते अख्खं बाहेर काढायचं. दुसरीकडे पातेल्यात दोन चमचे पाणी गरम करून थंड लोण्याचे तुकडे एकेक घालत फेटत राहायचं. असं केलं की लोणी फुटत नाही, साईसारखं दाट आणि एकजीव राहतं. उकळी मात्र येऊ द्यायची नाही. हे लोणी 65 ते 70 अंशांवर ठेवून शेपटी त्यात पूर्ण बुडवायची, मधूनमधून उलटायची. सात-आठ मिनिटांत जे तयार होतं, ते उकडलेल्या शेपटीशी नातं सांगणार नाही इतकं मऊ असतं. बाहेरचा थर आणि गाभा एकाच वेळी शिजतो, कारण बाहेरून जास्तीची आच लागतच नाही. शेपटी वळू नये म्हणून मी लांबीने एक काडी खोचून ठेवते.

डोक्यातली हिरवट ग्रंथी बऱ्याच जणांना आवडते. मी ती खात नाही. समुद्रातली विषारी द्रव्यं त्या ग्रंथीत साठतात, आणि सूक्ष्म शैवालांचं विष शिजवूनही जात नाही. मादीच्या अंगातली गाबोळी मात्र जपून ठेवा. कच्ची असताना काळपट हिरवी, शिजली की पोवळ्याच्या रंगाची होते, आणि लोण्यात कुस्करून घातली की चव खोल होते.

कवचं टाकू नका. कल्ले काढून, कवचं ठेचून तेलात परतली की तेल केशरी होतं, कारण तो रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून आधी परतणं महत्त्वाचं. मग कवचं जेमतेम बुडतील इतकं पाणी, मंद आच, अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर रसाला कडवट झाक येते. सध्या मी तेलाऐवजी लोण्यात कवचं अगदी मंद आचेवर ठेवून, गाळून, थंड करून बघते आहे. गोठल्यावर वर केशरी लोण्याची वडी जमते आणि खाली पाणी उरतं. पुढच्या शेपटीला साध्या लोण्याऐवजी हेच वापरायचं आहे. कुणी 70 अंशांवर हे लोणी फुटू न देता टिकवलं असेल तर पाण्याचं प्रमाण जरूर सांगा.