दहा वर्षं संपली की गाडी जाते

आज सिंगापूरमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी गाडी देऊन टाकली, इंजिन एकदम ठणठणीत पण सीओईची, म्हणजे गाडीच्या परवान्याची, 10 वर्षं संपली ना. डॅशबोर्डवरचा गणपती सोडवताना चिकटपट्टी निघेना, काका नखाने खरवडत बसले होते, बघवत नव्हतं. सीओई म्हणजे गाडी ठेवायचा सरकारी परवाना, 1990 पासून आहे, महिन्यातून दोनदा लिलाव, कोटा असेल तेवढेच परवाने आणि हरलेल्या बोल्यांतली सगळ्यात वरची जी असते तिच्यापेक्षा 1 डॉलर जास्त, तोच भाव सगळ्यांना. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये छोट्या गाडीचासुद्धा 1 लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता, गाडीची किंमत वेगळी! रिन्यू करता येतं, पण तेही मागच्या 3 महिन्यांच्या सरासरी भावाने, रिटायर माणसाने एवढे कुठून आणायचे? एवढ्याशा बेटावर गाड्यांना आवर हवाच, हे मला मनापासून पटतं, रस्ते वाहते राहतात आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, चांगली आहे म्हणून आम्ही गाडी घेतलीच नाही. पण लिलावात फक्त खिसा बघतात, गरज नाही. ज्याच्याकडे आधीच दोन गाड्या आहेत त्यालाही तिसरीचा परवाना त्याच भावात का? त्याच्याकडून जास्त घ्या की!