बुजवलेली भेग

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पश्चिमेच्या दारानं शिरलं की जमीन उतरत जाते आणि समोर टर्बाइन हॉल उघडतो. इथं पूर्वी वीजकेंद्र होतं. छत 35 मीटर उंच, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी मान वर करतो. मी मात्र खाली बघत चालले होते. शेवटी एका सुरक्षारक्षकानं विचारलंच, "काही पडलंय का?"

"भेग शोधतेय."

त्यानं काही न बोलता बुटाच्या टोकानं दाखवली. मघाशी मी तिच्यावरूनच आले होते.

2007च्या ऑक्टोबरात कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी या जमिनीला तडा पाडला होता. सुरुवात केसाएवढी, पुढे पाय अडकेल इतकी रुंद. हॉलची लांबी साधारण 155 मीटर आणि भेगेची 167, कारण ती नागमोडी गेली होती. काही प्रेक्षक त्यात पडलेही. आतल्या भिंतींच्या काँक्रीटमध्ये तारेची जाळी होती, कुंपणाला असते तशी. नाव 'शिबोलेथ'. बायबलमधली गोष्ट आहे: लढाईत हरून नदी ओलांडायला आलेल्यांना हा एक शब्द उच्चारायला लावायचे. 'श'चा 'स' झाला की ठार करायचे. असे 42 हजार मेले, असं तिथं लिहिलंय. (आपल्याकडे 'ळ'चा 'ल' झाला की नुसतं हसतात. पण माणूस आपला की बाहेरचा, हे ठरतं तेव्हाच.)

म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवलं जातं, त्यांच्याबद्दलचं हे काम. ते झालं युरोपातल्या एका बलाढ्य संग्रहालयाच्या आत, तेही युनिलिव्हरच्या प्रायोजकत्वातून. आपल्याच पायाखालची जमीन फोडायला संस्थेनं परवानगी दिली, हे धाडस म्हणायचं की आपल्याला काही होणार नाही याची खात्री? मला दोन्ही वाटतं आणि कुठलंच एक सोडवत नाही.

2008च्या एप्रिलमध्ये प्रदर्शन संपलं आणि भेग भरून टाकली. उरला तो व्रण. मी गुडघे टेकून त्यावर हात फिरवला. आजूबाजूचं काँक्रीट हजारो पावलांनी गुळगुळीत झालेलं, भरलेला पट्टा किंचित वेगळ्या छटेचा. शेजारी नाव नाही, माहितीची पाटी नाही. आता ही कलाकृती आहे की दुरुस्ती? दुरुस्ती म्हणावी तर ती जखम दाखवतेय, कलाकृती म्हणावी तर तिच्यावरून ढकलगाड्या जातायत.

हा हॉलच असा. 2010मध्ये चिनी कलाकार आय वेवे यांनी इथं चिनी मातीच्या सुमारे 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या, प्रत्येक हातानं रंगवलेली. लोकांनी त्यावर चालावं अशी कल्पना होती. थोड्याच दिवसांत धुळीच्या धोक्यामुळे चालायला बंदी आली. मग लोक कडेला उभे राहून, जिच्यावर चालायचं होतं ती कलाकृती बघून परत जायचे.

मी जमिनीचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. तिनं विचारलं, "यात बघायचं काय?" मी भेगेवरून बोटानं लाल रेघ ओढून फोटो पुन्हा पाठवला. रात्री हॉटेलात तोच फोटो मोठा करून पाहिला, तर मध्ये हातभर माझी रेघ चुकली होती. तिथं साल्सेदोंची भेग नव्हती, जमिनीचा साधा सांधा होता.