तुम्ही विचारलंत म्हणून : तिच्याऐवजी आम्हीच बोललो तर काय बिघडलं?

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नंबर लावून बसलेले, पालकसभेला आलेले, तहसीलच्या जिन्यात कागद सावरत उभे असलेले आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. "आमच्या मुलीला नीट बोलता येत नाही. बोलली तरी समोरच्याला कळत नाही. मागे रांग असते. मग तिच्याऐवजी आम्हीच बोललो तर काय बिघडलं?"

एका दिवसापुरतं काहीच बिघडत नाही. आईवडील बोलले म्हणूनच गोष्टी इथवर आल्या. रजनी लिमये यांनी 1977 साली नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा 'मतिमंद' म्हणून घरात बसवलेल्या मुलांसाठी बोलणारं दुसरं होतं कोण? त्यामुळे पालकांनी गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की बोला, पण दुसऱ्यांदा बोला. पहिलं वाक्य तिचं असू द्या, मग ते एका शब्दाचं असो की नुसत्या नजरेचं.

समजा, निफाडकडची बावीस वर्षांची मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. सगळे त्याला सीपी म्हणतात. खिडकीपलीकडचा माणूस तिच्या डोक्यावरून बघत आईला विचारतो, "हिचं नाव काय?" आई लगेच सांगते. त्या अर्ध्या सेकंदात मुलीच्या बाजूने काय चाललं होतं ते बघा. प्रश्न कानावर पडला, कळला. आता श्वास भरून घ्यायचा, जबडा स्थिर करायचा, जीभ उचलायची. सीपीमध्ये नेमके हेच स्नायू ऐकत नाहीत, आणि बोलायचं ठरवलं की अंग आणखी ताठरतं. तिचं तोंड उघडायला लागलं होतं तोवर उत्तर देऊन झालं. असं दिवसातून वीसदा झालं की ती तोंड उघडायचंच सोडते. मग लोक म्हणतात, "ती बोलतच नाही."

म्हणून पहिली सवय आपली बदलायची. प्रश्न आला की मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. हे अवघड जातं, कारण एरवी दोघांच्या बोलण्यात एका सेकंदाचीही फट नसते आणि दहा सेकंदांची शांतता अंगावर येते. खिडकीपलीकडच्यालाही ती सोसवत नाही, तेव्हा त्याला आधीच सांगून टाका : "साहेब, तिलाच विचारा. ती सांगेल, थोडा वेळ लागेल." तिच्या आणि खिडकीच्या मध्ये उभे राहू नका. अर्धं पाऊल मागे, बाजूला, तुमचा चेहरा तिला दिसेल असे उभे राहा. व्हीलचेअरवरून खिडकी उंच पडत असेल तर कर्मचाऱ्याला बाहेर यायची विनंती करा, त्यात संकोच नको. तिचं अर्धं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कळलं नाही तर "नाही कळलं, परत सांग" असं सरळ म्हणा. न कळताच कळल्यासारखी मान हलवली तर तिला ते लगेच समजतं, आणि फार लागतं.

मान हलवण्याचंच घ्या. आपल्याकडे मान डोलावली की त्याचा अर्थ 'हो' असतो, 'बरं बरं' असतो, 'ऐकतोय' असतो, कधी कधी 'बघू' पण असतो. ज्या व्यक्तीचं सगळं म्हणणं हो-नाहीवर चालतं, तिला ही मान पुरत नाही. एकमेकींत गल्लत होणार नाही अशा दोन खुणा ठरवा. 'हो'साठी नजर वर आणि 'नाही'साठी डोळे घट्ट मिटणं, किंवा उजवी मूठ आणि डावी मूठ. जी हालचाल तिला थकल्यावरही जमते तीच घ्या. तिसरी खूणही हवी, "यातलं काहीच नाही" यासाठी. ती नसेल तर आपण ठरवलेल्या पर्यायांतच तिला अडकवतो. या तिन्ही खुणा एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून व्हीलचेअरला किंवा गळ्यातल्या ओळखपत्राला लावा, म्हणजे तिची भाषा तुमच्या एकट्याच्या डोक्यात राहणार नाही.

इथे एक मोठा घोळ होतो. वर्षानुवर्षं 'हो' म्हटलं की सगळे खूश आणि 'नाही' म्हटलं की रागावणं, असं झालेलं असतं. त्यामुळे ती प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायला लागते. तपासायचं कसं? तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा विचारा. "शाळेत जायचंय?" याला हो आणि "घरी थांबायचंय?" यालाही हो आलं, तर अजून तिचं उत्तर मिळालेलं नाही. दुसरं म्हणजे शेवटी ऐकलेला पर्याय उचलायची सवय. "चहा की दूध?" याला 'दूध' आलं, तर नंतर "दूध की चहा?" असं विचारून बघा. उत्तर बदललं तर पर्याय समोर वस्तू ठेवून दाखवा.

आता चित्रांची पाटी, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून आपलं म्हणणं सांगायचा तक्ता. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पाट्या घरोघर बनतात आणि महिन्याभरात कपाटावर जातात. बहुतेक पाट्यांवर पाणी, जेवण, शू, झोप एवढंच असतं. हे तर आईला न सांगताही कळत असतं! मग मुलीने पाटीकडे वळावं कशासाठी? सुरुवातीच्या पाटीवर असे शब्द हवेत, ज्यांनी समोरच्याचं वागणं बदलतं : हवं, नको, अजून, थांब, मदत कर, दुखतंय, झालं, मला सांगायचंय, आणि नववा चौकोन "यात नाही". ए-फोर कागद उभा धरून तीन आडव्या, तीन उभ्या रांगा आखल्या की प्रत्येक चौकोन साधारण 7 सेंमी रुंद येतो. शब्द चित्राच्या वर लिहा, खाली लिहिला तर बोट ठेवताना झाकला जातो. झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून घ्या आणि एकाच वेळी तीन प्रती काढा. एक अंथरुणाजवळ, एक व्हीलचेअरच्या ट्रेवर, एक शाळेच्या किंवा वर्कशॉपच्या पिशवीत. दप्तरात बंद असलेली पाटी म्हणजे तोंडावर ठेवलेला हात.

मोठ्या माणसाच्या पाटीवर आणखी काही लागतं. "मला एकटं राहू द्या." "हे मला आवडलं नाही." शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आणि "मला हात लावू नका." ही वाक्यं लिहायला घरचे कचरतात. पण कुणी त्रास दिला तर सांगायला शब्दच नसणं, यापेक्षा मोठी असुरक्षितता नाही.

बोट नीट टेकत नसेल तर चौकोन कमी करा, मधलं अंतर वाढवा. हात अजिबात चालत नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा जाड तुकडा घ्या, मध्ये चेहऱ्याएवढी खिडकी कापा, चारी कोपऱ्यांत चित्रं लावा आणि तो तिच्या-तुमच्यामध्ये धरा. तिची नजर कुठल्या कोपऱ्याकडे गेली ते पलीकडून दिसतं. तेही जमत नसेल तर तुम्ही एकेका रांगेवर बोट फिरवत वाचा, ती 'हो'ची खूण करेल तिथे थांबा, मग त्या रांगेतले शब्द एकेक वाचा.

पाटी फसते याचं मुख्य कारण म्हणजे आपण मुलीची परीक्षा घेतो. "दाखव बघू, 'मदत' कुठंय?" माणूस असं बोलायला शिकत नाही. आपण बोलताना आपणच त्या शब्दांवर बोट ठेवायचं : "आई दमली, थांब." काही आठवडे फक्त तुमचंच बोट फिरेल. फिरू द्या. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे त्याचा पहिला शब्द येतो. पाटीमुळे उरलंसुरलं बोलणं बंद पडेल ही भीती मात्र मनातून काढून टाका. तसं होत नाही. सुरगाण्याच्या घरात कोकणा बोलतात, मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी, तर पाटीवर तेच शब्द लिहा. पुस्तकी मराठीसाठी मुलीला दोनदा भाषांतर करायला लावू नका. फोन असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अ‍ॅप मराठीतही बोलतं. तरी कागद जवळ असू द्या. बॅटरी संपते, उन्हात स्क्रीन दिसत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची अडचण वेगळी असते. तोंडाने बोलता येतं, प्रश्नच अवघड असतो. "पुढे काय करायचंय तुला?" याचं उत्तर धडधाकट पदवीधराकडेही नसतं. समोर दोन पर्याय असतील तर दोन्ही जागा प्रत्यक्ष दाखवा, एकेक आठवडा जाऊ द्या, फोटो काढा आणि मग ते फोटो समोर ठेवून विचारा. कर्णबधिर व्यक्तीसोबत दुभाषा असेल तर त्या व्यक्तीकडे बघून बोला, दुभाष्याकडे नव्हे. शक्यतो घरचा माणूस दुभाषा नको, कारण घरचे नकळत गाळतात. अंध व्यक्तीचं म्हणणं कागदाशी अडतं. सही करण्याआधी पूर्ण मजकूर वाचून दाखवला पाहिजे. चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येत नाही, रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच तसं बजावलं आहे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण खिडकीवर ते लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. कलम 3 मध्ये समानता आणि वाजवी सोयीसुविधा आहेत. कलम 13 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. मालमत्ता, बँक खातं, कर्ज, सगळं त्यात आलं. सगळीकडे पहिला प्रश्न येतो, "किती टक्के?" योजना आणि आरक्षणासाठी 40 टक्के लागतात हे खरं. पण भेदभाव होऊ नये आणि आपलं म्हणणं ऐकलं जावं या हक्कांना टक्क्यांची अट नाही.

"अठरा पूर्ण झाली, आता तिचं कायदेशीर पालकत्व घ्यावंच लागेल ना?" असंही विचारतात. घ्यावंच लागतं असं नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) असलेल्यांसाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. मुळात कायदेशीर पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामासाठी, हे त्या समितीने पाहायचं असतं. 2016 च्या कायद्यातलं कलम 14 तर मर्यादित पालकत्वच सांगतं : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि पालक व ती व्यक्ती अशा दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. कुणी पालकत्वाचा कागद मागितला तर आधी विचारा, कोणत्या नियमाने मागताय ते लिहून द्या. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

तक्रार करायची तर मुलीच्या नावाने, 'मी' म्हणून, एका पानात. सही नसेल तर अंगठा, आणि शेवटी "हे म्हणणं पाटीच्या मदतीने माझं मी सांगितलं, अमुकने लिहून घेतलं" अशी ओळ. तक्रारीत माप घाला. "रॅम्प नीट नाही" हे वाक्य कुणालाही बाजूला सारता येतं. "पायरी 15 सेंमी उंच, रॅम्प 90 सेंमी लांब, एकास बारा (उंचीच्या बारापट लांबी) या प्रमाणात तो 180 सेंमी हवा" हे सारता येत नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी घाटांची, रस्त्यांची कामं होणार आहेत, तिथेही टेप घेऊन जा. अर्ज दिला की पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्का बघूनच निघा. काही झालं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते.

ग्रामसभेत एकच प्रश्न न्या. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे, म्हणजे तिने स्वतः मिळवलेल्या उत्पन्नाचे, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. प्रश्न असा : "मागच्या वर्षीचं स्वउत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती झाले, ते कशावर खर्च झाले?" तो कार्डावर लिहा. मुलीने हात वर करून कार्ड उंच धरायचं, वाचणाऱ्याने आधी म्हणायचं, "हा प्रश्न तिचा आहे." उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर टाळलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, मुदत 30 दिवस.

आता तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग, जो फारसा कुणी मोठ्याने विचारत नाही. तिचं म्हणणं आपल्याला पटलंच नाही तर? तिला नाशकातल्या सातपूरला एकटीने बसने प्रशिक्षणाला जायचंय आणि तुमच्या पोटात गोळा येतो. तुमची भीती खोटी नाही आणि ती लपवायचीही नाही. फक्त ती तिच्या नावावर खपवायची नाही. "तिला नको वाटतंय" असं म्हणू नका, "मला भीती वाटते" असं म्हणा. कागदावर दोन रकाने करा, एकात तिचं म्हणणं, एकात तुमचं, आणि दोन्ही तिला वाचून दाखवा. मग मधला रस्ता शोधा : पहिला आठवडा सोबत, दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मागच्या सीटवर, तिसऱ्यात स्टॉपवर सोडणं आणि उतरल्यावर फोन.

घरी आल्यावर तिला एवढं जरूर विचारा : आज सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही असं काय होतं? तो शब्द त्याच रात्री पाटीवर लिहा.