माळ्यावरची पिशवी निघाली सिंगापूरला

सिंगापूरला जायचं ठरलं त्या रात्री नवऱ्यानं लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडली, आणि सासूबाईंनी स्टूल ओढून माळ्यावरची पिशवी खाली काढली. दोघांनाही एकमेकांचं हसू आलं. मी मधे भाजी निवडत बसलेले, मला तेव्हाच कळलं की ह्या ट्रिपची तयारी दोन पार्ट्यांत होणार आणि निकाल काय लागणार.

सांगलीत गावभागात ज्यांचं घर आहे त्यांना त्या पिशवीबद्दल काही सांगायची गरज नाही, प्रत्येकाकडं एक असतीच. बाकीच्यांसाठी सांगते. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आमच्याकडं आयर्विन पुलाजवळची पातळी बघतात, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि मधल्या पाच फुटांत घरातलं काय काय आणि कुठल्या नंबरानं वर चढवायचं हे बायकांना झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील. २००५ च्या पुरात आमच्या सासऱ्यांची सगळी कागदं गेली. घराचा उतारा, रेशन कार्ड, लग्नाचा अल्बम, पोस्टाची पासबुकं, सगळ्याचा एकच लगदा झालेला. पाणी उतरल्यावर आईंनी ती पिशवी शिवली. बेदाण्याच्या बॉक्सात आतनं जाड प्लॅस्टिक असतं बघा, तसली दोन एकात एक घालून, वरनं पोत्याचं कापड आणि तोंडाला नाडी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आम्ही बोटीतनं बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात पोरगं होतं, नवऱ्याच्या डोक्यावर गॅसची शेगडी होती (का, हे तो अजून सांगू शकलेला नाही) आणि आईंच्या काखेत ही पिशवी.

तर तीच पिशवी आता पासपोर्टसाठी. म्हटलं आई, अहो आता सगळं मोबाईलमध्ये असतंय. आई म्हणाल्या, "मोबाईल भिजला की?"

ह्याला उत्तर नव्हतं.

पासपोर्टपासनंच सुरुवात करायची तर आमची पहिली चूक तिथंच झाली. आम्हा तिघांचे पासपोर्ट दहा वर्षांचे, त्यामुळं निवांत. पोराचा काढलेला तो आठ-नऊ वर्षांचा असताना, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नाही. बघितलं तर संपायला चार महिने, आणि पोचायच्या दिवसापासनं पुढं निदान सहा महिने शिल्लक लागतात. नशीब अजून तिकिटं काढली नव्हती. मग परत फोटो, परत अपॉइंटमेंट, आईबाप दोघांच्या सह्या. त्यामुळं कुणी विचारलं की फॉरेनला जायचंय सुरुवात कुठनं करू, तर मी सांगते हॉटेल-बिटेल नंतर बघा, आधी कपाट उघडा आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या पासपोर्टावरची तारीख वाचा.

दुसरी भानगड नावांची. तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळावं लागतं आणि आपल्याकडं बाईमाणसाचं नाव म्हणजे काय विचारू नका. आईंच्या चार कागदांवर चार नावं, एकीकडं 'बाई' लावलेलं, एकीकडं न लावलेलं, एकीकडं मधे सासऱ्यांचं नाव आणि एकीकडं चक्क माहेरचं आडनाव. जन्मतारीख मात्र सगळीकडं एकच, १ जून. ती काय खरी नव्हे, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. आमच्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच असतो. फॉर्म भरताना पोरगं म्हणालं आजी तुझा खरा वाढदिवस कधी गं, तर म्हणाल्या, "श्रावणात. नदीला पाणी होतं म्हणे."

व्हिसा एजंटनं करून दिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सिंगापूरला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते तिकडच्या सरकारी साइटवर फुकट असतंय आणि गूगलवर शोधलं की हुबेहूब तसल्या दिसणाऱ्या दुसऱ्याच साइटी वर येतात आणि पैसे मागतात. आमच्या एक्सेलवाल्यानं तीन आठवडे आधीच तालीम करू म्हणून असलीच एक उघडून कार्ड नंबर टाकायला घेतलेला, पोरगं मागनं म्हणालं, "बाबा, सरकार कधी डिस्काउंट देतंय का?" तिथं थांबला.

आता खाण्याचं. ह्याच्यावर आमच्याकडं आठवडा गेला आणि जावाच की.

आईंचं म्हणणं, पाच दिवस आहेत, तिकडं काय मिळंल न मिळंल, आपली चटणी सोबत असू द्यावी. चटणी म्हणजे आमची कांदा-लसूण चटणी, वर्षाची एकदम केलेली, ती असली की माणूस कोरड्या पावावर पण दिवस काढतो. मी हो म्हटलं. मग रात्री बारा वाजता मला नेटवर वाचताना दिसलं की सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे. खसखस! अनारशाला लावतो ती. अफूच्या बोंडातनंच येते आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो म्हणून तिकडं ती अमली पदार्थाच्या हिशोबात धरतात, दुबईकडं पण तसंच. आणि आमच्या चटणीत तीळ, धणे, खोबरं आणि खसखस, चारी असतात. सकाळी आईंना सांगितलं तर त्या पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. चाळीस वर्षं ही बाई चटणी कुटतीय, गल्लीतल्या निम्म्या पोरींना तिनं प्रमाण शिकवलंय, आणि तिला सून सांगायलीय की तुमच्या डब्यात अफू आहे.

मग म्हणाल्या, "बिनखसखशीची करते की. त्यात काय."

आणि केली ओ. अर्धा किलो, वेगळी, डब्यावर चिठ्ठी लावून "सिंगापूर". कारण चुकून डबे बदलले तर काय घ्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण घेणार होत्या, तर ते सुद्धा विमानात बॅगेत टाकून चालत नाही, त्यात तेल इतकं असतं की आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून. हे मात्र त्यांना लगेच पटलं, म्हणाल्या उन्हात ठेवलेलं खोबरं हाताला कसं चटके देतंय बघ. भडंग घेतलं चार पाकिटं. पोरानं लगेच ऐकवलं की तिकडं मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, ५०० डॉलरपर्यंत दंड, तोही सिंगापूरचे डॉलर, आणि च्युइंगम तर १९९२ पासनं देशातच आणून देत नाहीत. आई म्हणाल्या, चांगलं हाय की, आपल्या स्टँडवर पण करा म्हणावं.

औषधांचं काम मी माझ्याकडं घेतलं. मिरजेच्या डॉक्टरांकडं जाऊन प्रिस्क्रिप्शन टाइप करून आणलं, औषधांची कंपनीची नावं नकोत, आतल्या घटकांची पाहिजेत, कारण आपल्या गोळीचं नाव तिकडच्या मेडिकलवाल्याला काय कळणार, आणि डॉक्टरांचं अक्षर तर इथल्याला पण कळत नाही. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवायच्या, आईंच्या त्या सोमवार-मंगळवारच्या डबीत सुट्ट्या काढून नाहीत, आणि सगळ्या हातातल्या बॅगेत, खाली पोटात जाते त्या बॅगेत नाही, कारण ती बॅग हरवली तर बीपीची गोळी पण हरवली. पॉवर बँक पण वरच, ती खालच्या बॅगेत चालतच नाही. तिकडचे प्लग चौकोनी तीन पिनांचे, त्याला अडॅप्टर घेतलं एक. एकावर भागंल असं नवऱ्याला वाटतंय. चार फोन आहेत घरात, बघू.

विम्याच्या फॉर्मवर आधीचे आजार लिहायला रकाना असतो. नवरा म्हणाला, बीपी लिहिलं की हप्ता वाढतोय, कंट्रोलमध्येच तर आहे. आई शेजारीच बसलेल्या. म्हणाल्या, "लिही खरं. पुराच्या पंचनाम्याला पण तू असंच केलं होतंस." ते काय केलं होतं ते मला अजून माहीत नाही, विचारणार आहे.

पैशाचं सांगायचं तर आपली कार्डं बाहेरच्या देशासाठी मुळात बंदच असतात, २०२० पासनं रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तो, ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायची आणि मर्यादा पण आपणच घालायची, आल्यावर परत बंद. तिकडं मशीनवर रुपयात पैसे देता का असं विचारतात तेव्हा नको म्हणायचं, डॉलरमध्येच द्यायचे, कारण रुपयाचा दर ते त्यांच्या मनाचा लावतात. हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग ५० डॉलरची एक नोट मागून घेऊन कनवटीला लावून बघितली, नीट बसती का म्हणून.

आता ती २०२१ ची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण त्याच्यावरनंच आमचं भांडण झालं. त्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा आई पुण्यात नणंदेकडं होत्या. दोन वर्षांपूर्वीचा अनुभव, सगळी यादी पाठ, आम्ही आरामात. आणि माळ्यावर पिशवीच नाही. आईंनी ती मधेच कधीतरी हलवली होती, उंदीर होतात म्हणून, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाला पाणी, लाईट गेलेली, फोन लागंना, नवरा टॉर्च घेऊन एकेक ट्रंक उपसतोय आणि मी दारात उभी राहून पायऱ्या मोजतेय, तीन राहिल्या, दोन राहिल्या. शेवटी लागला फोन. पिशवी देवघराच्या वरच्या फळीवर, गौरीच्या मुखवट्यांच्या मागं. त्यानंतर आल्यावर आईंनी स्वतःहून कपाटाच्या दाराला आतनं स्केचपेननं लिहून ठेवलं, कुठली वस्तू कुठं. जागा बदलली की खोडून परत लिहायचं.

म्हणून एक्सेल शीटला माझा विरोध होता. शीट उत्तम होती, रंगबिंग दिलेले, विमानाच्या वेळा, हॉटेलचा पत्ता, सगळं. पण ती नवऱ्याच्या लॅपटॉपवर, पासवर्ड नवऱ्याच्या डोक्यात, आणि नवरा हा माणूस पुरात शेगडी उचलणारा. मी म्हटलं, तूच गर्दीत चुकलास तर आम्ही तिघं कुठं जायचं? तो म्हणाला, मी कशाला चुकतोय, चुकाल तर तुम्ही. दोन दिवस अबोला. मग त्यानंच प्रिंट काढून फ्रिजवर लावली आणि चौघांसाठी चार संच केले, पासपोर्टाची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता, विम्याचा नंबर, तिकडचे पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९५. झेरॉक्स वेगळी ठेवायची कारण पासपोर्ट हरवलाच तर तिथल्या पोलिसांत तक्रार देऊन आपल्या हाय कमिशनमध्ये जावं लागतं, परत यायला तिथनं एक तात्पुरता कागद मिळतो, आणि हातात झेरॉक्स असली की निदान नंबरापासनं शोधायला नको. आता रोज जेवताना आई पोराची तोंडी परीक्षा घेतात. हॉटेल कुठलं? स्टेशन कुठलं? चुकलास तर? "जिथं आहे तिथंच उभं राहायचं." शाबास, घे अजून एक पोळी.

बॅगा मार्केट यार्डात नवऱ्याच्या मित्राच्या काट्यावर वजन केल्या, हळदीची पोती जोखतात त्याच्यावर. कपड्यांना अजून हळदीचा वास येतोय. जायचं महालक्ष्मी एक्सप्रेसनं, आणि विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचायचं, घाटात गाडी अडकली म्हणून विमान थांबत नसतंय.

राहिला एक प्रश्न. पिशवी आमच्यासोबत निघाली, मग तिच्यातली घराची कागदं कुठं ठेवायची? मी म्हटलं आई, मे महिना आहे, कसला पूर. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं. शेवटी सगळी कागदं दुसऱ्या प्लॅस्टिकात बांधून समोरच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडं दिली, कपाटाच्या दारावर तसं लिहिलं, आणि काकूंना सांगून आल्या की पाणी चाळीसकडं निघालं तर लगेच फोन करा, काय काय उचलायचं ते तिकडनं सांगते.

"पण आजी," पोरगं म्हणालं, "तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं असतंय."

आईंनी जरा विचार केला. "मग बरंच की रे. आपल्याला आधी कळंल."