तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनिंगला भगत कशाला?

"ताई, मनाच्या आजाराचं ट्रेनिंग देता आणि भगतालाही खुर्ची देता? मग अंधश्रद्धा जाणार कधी?" नांदेडला कुठल्याही बैठकीला गेले की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आणि कप हातात धरून मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगून सुटते. आज बैजवार सांगते.

मी मूळची परभणीची. किनवट-माहूरकडं आशाताई, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि गावातली बारावी झालेली गोंड, कोलाम, आंध पोरंपोरी यांना शिकवते. कोमेजलेलं पोर ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं काय, दवाखान्यात न्यायचं कधी. पहिल्या वर्षी माझ्याकडं छापील प्रश्नावली होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. एका आशाताईनं एका कोलाम पोराला पहिल्यापासून वाचून दाखवली. "गेल्या दोन आठवड्यांत निराश, हताश वाटलं का?" "न्हाई." नऊच्या नऊ न्हाई. बेरीज शून्य. कागद पिशवीत घालता घालता ती सहज म्हणाली, "का रे, बाजारात दिसला न्हाईस?"

"करमंना."

"कधीपासून?"

"तीन बाजार झाले."

"भाकर गोड लागती का?"

पोरगं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलं. उत्तर त्यातच आलं.

तेव्हापासून आमच्या ट्रेनिंगमध्ये दोन आठवडे नाहीत, दोन बाजार आहेत. पहिला दिवस नुसते शब्द गोळा करण्यात जातो. करमत नाही, जीव लागत नाही, डोकं गरम होतं, बाहेरचं झालंय. गोंडी, कोलामी आणि तांड्यावरची गोरमाटी यांतले शब्द पोरंच सांगतात, मी खडू धरून फळ्यावर लिहिते आणि माझे उच्चार ऐकून ती हसतात. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आजही नांदेडपेक्षा आदिलाबादच जवळ. घरात कोलामी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू असं पोरगं असतं. फॉर्म मात्र त्याला एकाच भाषेत भरायचा असतो, तोही पुस्तकी मराठीत.

लक्षणांचंही तसंच. 'आंघोळीकडे दुर्लक्ष' अशी एक ओळ यादीत असते. दिवाळीत गोंडांची दंडारी, म्हणजे ढोलावरचा नाच, चालते तेव्हा मोरपिसांचा टोप घातलेले नाचे, घुसाडी, तेवढे दिवस आंघोळच करत नाहीत. तो नेम असतो. बाहेरून आलेला हुशार माणूस त्या आठवड्यात अख्खी मंडळी आजारी ठरवेल. उलट खरं लक्षण यादीत नसतं. एका आजोबांनी मला सांगितलं, "पोरगं यंदा दंडारीत उतरलंच न्हाई, ढोल वाजला तरी घरात निजून." त्या मुलाच्या आजाराची पहिली नोंद त्या आजोबांचीच, आमच्या कुणाच्या रजिस्टरात नव्हती.

आता भगत. घरातलं पोर बडबडायला लागलं, जेवेना, झोपेना झालं की लोक आधी त्याच्याकडंच जातात, आरोग्य केंद्रात नंतर. म्हणजे पहिली खबर त्याला असते. त्याला वगळून ट्रेनिंग घेतलं तर ते आमच्या समाधानासाठी. गुजरातेत उनाव्याला मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' म्हणून असाच प्रयोग झाला, दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवले. पण लाड नाहीत. भूत काढतो म्हणून मारणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याला पहिल्याच तासाला तोंडावर सांगते. अंगारा लाव, गोळी बंद करायला सांगू नकोस. एकजण यावर उठून निघून गेला, गेला तर गेला.

राहिलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या बाबांनी मला गप्प केलं. आम्ही सराव घेत होतो. एक पोरगा दुःखी माणूस बनलेला, समोर आशाताई. नववा प्रश्न, मरणाचा, आला की प्रत्येकजण अडखळायची. "म्हणजे... तसलं काही मनात...?" विचारलं तर डोक्यात भरेल, अशी भीती. खरं तर सरळ विचारल्यानं कुणी त्या वाटेला लागत नाही, उलट मोकळं होतं. हे मी दोन दिवस घोकून घेत होते. बाबा उठले, पोराच्या शेजारी खाली बसले, त्याचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "जीव द्यावा वाटतंय का रे? खरं सांग, मी हाय इथं."

सराव करणारा पोरगा खरंच रडायला लागला. तो सराव नव्हताच, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुपारीच त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. त्याच्या बापाला पोलिसांची धास्ती होती. त्याला सांगितलं की मनात येणं हा गुन्हाच नाही. आणि कुणी प्रयत्न केलाच तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम त्याला ताणाखाली होता असंच धरतं, शिक्षा सोडून उपचार द्यायला सांगतं. बापानं दोनदा विचारून घेतलं. परतताना बाबांनी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ नंबर मागून घेतला. स्वतः वाचता येत नाही, नातवाकडून दाराशेजारी कोळशानं लिहून घेतला. रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, ते वेगळं रडगाणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सताईंना विचारलं, गोळी अंगाऱ्याच्या आधी द्यायची का नंतर.

"जेवणानंतर," त्या म्हणाल्या.

पुढची बॅच दिवाळी उलटल्यावर. दंडारी संपू दे आधी.