दीड फेरी

रविवारची दुपार. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधला एक ग्रेंज हॉल, शेतकऱ्यांच्या जुन्या संघटनेनं बांधलेला, लाकडी जमिनीचा. कॉन्ट्रा डान्स, म्हणजे लांब रांगांत जोडीजोडीनं करायचं लोकनृत्य. त्याचा वॉकथ्रू, म्हणजे संगीताआधीची तालीम, चालू होता आणि माइकवरून कॉलर, म्हणजे हालचाली पुकारणारा, म्हणाला, "आता त्यांच्याभोवती फिरा."

कोणाच्या? समोर शेजारी, म्हणजे शेजारच्या जोडीतलं कोणी, बाजूला जोडीदार, तिरकं बघितलं तर आणखी कोणीतरी. लांबच्या लांब रांग जागच्या जागी थबकली आणि सगळे एकमेकांकडे बघून कसनुसं हसू लागले.

माझी एक खोड आहे. "थोडं पुढे या, तिथंच आहे," असा पत्ता फोनवर कोणी सांगितला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे नीट पुकारणाऱ्या कॉलरची मी भक्त आहे. आधी कोण, मग काय, मग किती: "शेजारी, उजव्या हातानं अलेमांड, दीड फेरी." अलेमांड म्हणजे हात धरून एकमेकांभोवती फिरणं. त्यातला 'दीड' फार मोलाचा. दीड फिरलं की आपण समोरच्याच्या जागी पोचतो. एकच फिरलं तर आपल्याच जागी, आणि पुढच्या नाचाचा विचका. शिवाय हे सगळं आधीच्या हालचालीचे शेवटचे ठोके चालू असतानाच बोलून संपवायचं. ६४ ठोक्यांचं आवर्तन कोणासाठी थांबत नाही. ते संपलं की पुढचे शेजारी हात पुढे करून उभेच असतात.

नावंही बदलताहेत. जेंट्स आणि लेडीज जाऊन बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन आले. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे, मग तुम्ही बाई असा की बुवा. डोळ्यात डोळे घालून एकमेकांभोवती फिरायच्या हालचालीचं जुनं नाव रोमा या युरोपातल्या समाजाच्या लोकांना लागणारं होतं, म्हणून आता म्हणतात 'राइट शोल्डर राउंड'. जुनी मंडळी कुरकुरतात. मला मात्र ते दुहेरी आवडतं. कोणाला दुखवत नाही आणि खांदा कुठला, तेही सांगून टाकतं.

शाळेत लेझीम होतं. पीटीचे सर शिट्टी फुंकून ओरडायचे, "चार आवाज!" मग "पवित्रा!", मग "आगे फलांग!" मराठी शाळेच्या मैदानावर हे हिंदी कुठून आलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. पायाखाली फुफाटा, हाताला लोखंडाचा वास, आणि शब्द कानावर पडला की अख्खं मैदान एकदम खाली वाकायचं. सर एरवी फार बोलत नसत. लेझीम नसताना त्यांना काय बोलावं ते सुचत नसावं.

घरी मात्र आई म्हणायची, "अगं, ते तिकडचं यात घाल." आणि मी बिनचूक डब्यातलं दाण्याचं कूट भाजीत घालायची! तेव्हा डोकं का फिरलं नाही, कोण जाणे.

त्या दुपारी रांगेतल्याच एका आजींनी खणखणीत आवाजात विचारलं, "शेजारी की जोडीदार?" कॉलर म्हणाला, "शेजारी." झालं, नाच सुरू. तीन-चार आवर्तनांनंतर त्यानं पुकारणंच सोडलं. तोवर पायांना पाठ झालेलं असतं.

मध्यंतराआधी वॉल्ट्झ असतो. त्यात कोणीच काही पुकारत नाही. मी पाण्याची बाटली घेऊन खुर्ची गाठते.